फ्रीजमधले पुरुमेंत

पावसाळा तोंडावर आला की घरात पुरुमेंत भरून ठेवण्याची रीत गोमंतकात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. सुके बांगडे, सुकी सुंगटे, सोलां, आंबोशी, मिठाच्या पाण्यातील आंबे आणि फणसाची साठे यांनी कोठीची खोली भरली, म्हणजे गृहिणी पुढील चार महिन्यांना निर्धास्तपणे सामोरी जात असे. शब्द पोर्तुगिजांचा असला, तरी त्यामागील शहाणपण याच मातीतले आहे. मुबलकतेच्या दिवसांत टंचाईचे स्मरण ठेवावे आणि हाती आलेला जिन्नस वाया जाऊ देऊ नये, हे ते शहाणपण होय. आज बहुतेक घरांत फ्रीज आला आहे. आजीजवळ नव्हते असे साधन नातवंडांजवळ आहे. मग अन्न टाकून देण्याचे प्रमाण घटण्याऐवजी वाढावे, हे कसे?

वाढलेल्या या नासाडीचा हिशेब आता मांडला गेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे ६० टक्के वाटा हॉटेलांचा वा दुकानांचा नसून घरांचा आहे. भारतातील घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न टाकले जाते, असा त्याच अहवालाचा अंदाज आहे. अन्नाला ब्रह्म मानणाऱ्या समाजाला हा आकडा खाली मान घालायला लावणारा आहे.

गोमंतकाच्या बाबतीत तर हा दोष दुप्पट ठरतो. आमची बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते. दुसऱ्याच्या शेतात पिकलेले, इंधन जाळून इथवर आणलेले अन्न चार दिवसांनी कचऱ्यात टाकायचे आणि तो कचरा कोठे न्यावा म्हणून पुन्हा सरकारकडे बोट दाखवायचे, हा व्यवहार शहाण्यांचा नव्हे. सोनसोडोच्या कचऱ्याच्या डोंगराला २०१९ साली लागलेली आग मडगावकर विसरलेले नाहीत. असे ढीग धुमसतात त्याचे एक कारण म्हणजे हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून निघणारा ज्वालाग्राही वायू. साळगावसारखे प्रकल्प आवश्यक आहेतच. परंतु कचरा निर्माणच न होणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे, आणि त्यासाठी कोणत्याही निविदेची वाट पाहावी लागत नाही.

आमच्या मते दोष फ्रीजचा नाही, तो वापरण्याच्या पद्धतीचा आहे. खालच्या कप्प्यात अन्न कुजण्याचा वेग मंदावतो, पण कुजणे थांबत नाही. उणे १८ अंशांवरील बर्फाच्या कप्प्यात मात्र जंतूंची वाढच खुंटते. आपण नेमके उलट करतो. उरलेली आमटी खालच्या कप्प्यात मागे सारतो, पाचव्या दिवशी वास घेऊन फेकतो, आणि वरचा कप्पा आइस्क्रीम व बर्फासाठी राखून ठेवतो. आज उद्याचे खाणे होणार नाही हे ज्या क्षणी कळते, त्याच क्षणी ते गोठवले पाहिजे. चार दिवसांनी येणारी जाग उपयोगाची नाही.

गोठवण्याजोगे आपल्या स्वयंपाकघरात पुष्कळ आहे. नारळाचे भाव २०२५ साली कसे कडाडले ते सर्वांनी पाहिले. खवलेल्या खोबऱ्याची उरलेली वाटी आंबण्याऐवजी गोठवली तर महिनाभर कामी येते. मानकुरादचा रस, ओले काजू, कच्च्या फणसाच्या फोडी, मोड आलेले मूग, उसळ, वरण, चपात्या, हे सारे चांगले राहते. पाव खालच्या कप्प्यात लवकर कडक होतो, बर्फाच्या कप्प्यात मात्र टिकतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीपूर्वी स्वस्त मिळालेली मासळी साफ करून, एका जेवणापुरत्या पुड्या बांधून ठेवावी. मात्र बांगडे-तारल्यांसारखी तेलकट मासळी दोन-तीन महिन्यांत संपवावी. पुड्या चपट्या व लहान असाव्यात, कारण अन्न जितके लवकर गोठेल तितके बर्फाचे स्फटिक लहान होतात आणि चव व पोत टिकतो. काकडी, कोशिंबीर, उकडलेला बटाटा यांना मात्र हा उपचार मानवत नाही.

शिळे खाऊ नये, असे आपली परंपरा सांगते. गीतेनेही शिळ्या अन्नाची गणना तामस आहारात केली आहे. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्यात आरोग्याचे तत्त्व आहे. आमच्या दमट उष्म्यात तासन्‌तास ओट्यावर राहिलेल्या भातात जंतू जे विष निर्माण करतात, ते पुन्हा उकळूनही नाहीसे होत नाही. म्हणूनच निवताच, तासा-दोन तासांच्या आत, अन्न थंडीत गेले पाहिजे. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, केवळ निपचित पडतात. तेव्हा बिघडलेले अन्न गोठवून चांगले होत नाही आणि एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये. ताजे असताना राखलेले आणि विसरून शिळे झालेले, यांत हा भेद आहे. आपल्याला नकोसे झालेले तिसऱ्या दिवशीचे अन्न कामवालीच्या हाती ठेवून पुण्य जोडल्याचे समाधान मानणाऱ्यांनी तर परंपरेचे नाव घेऊच नये. द्यायचे असेल तर ते पहिल्याच दिवशी, ताजे असताना द्यावे.

पावसाळ्यात वीज जाते, ही दुसरी अडचण खरी आहे. स्वतंत्र, गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडल्यास सुमारे ४८ तास थंडी धरतो; घरगुती फ्रीजचा लहान कप्पा तितका धरत नाही. म्हणून महिनोन्‌महिन्यांचा साठा करण्याचा मोह नको. पुडीवर तारीख लिहावी, जुनी पुडी आधी काढावी, आणि कप्प्यात काय आहे ते पाहिल्यावाचून बाजारात जाऊ नये. अन्यथा नासाडी थांबणार नाही, केवळ लांबणीवर पडेल.

हे सारे गृहिणीच्या माथी मारून पुरुषवर्गाने मोकळे व्हावे, असे आम्हांला मुळीच सुचवायचे नाही. मोह आवरेना म्हणून दोन किलो जास्तीची मासळी घेऊन येणारे हात बहुधा पुरुषांचेच असतात. ती साफ करून, पुड्या बांधून, तारीख घालण्यास तेच हात लागावेत. पुरुमेंत हे घरातील सर्वांचे काम होते. साधन बदलले म्हणून ती शिस्त सोडण्याचे कारण नाही.