शेतातलं राबणं आणि झाडाखालचा विसावा



‘शेतकरी दिवसभर रानातच असतो, तरी त्याचं मन का खचतं? निसर्गाचे गोडवे पुरेत,’ हे गेल्या आठवड्याच्या अंकातलं पत्र वाचलं. प्रश्न रास्त आहे, निष्कर्ष पटला नाही. कर्जाची चिंता डोक्यात घेऊन केलेली कोळपणी म्हणजे विसावा नव्हे. झाडं कर्ज फेडतात, असा दावा कुणीच केलेला नाही.

निवांत विसाव्याची गोष्ट मात्र वेगळी. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक ग्रेगरी ब्रॅटमन यांनी काहींना ९० मिनिटं झाडागवतातून, तर काहींना वाहत्या रस्त्याकडेने चालायला लावलं. पहिल्या गटाचं तेच ते काळे विचार घोळवणं कमी झालं. मेंदूच्या पुढच्या भागातली, त्याच्याशी निगडित जागाही शांतावली. रॉजर अल्रिच यांचा १९८४ चा अभ्यास मला अधिक मोलाचा वाटतो. शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणाऱ्या रुग्णांना, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा, तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते घरीही लवकर गेले.

विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे, गोदावरीवरचा शंकरसागर जलाशय आहे. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी, परीक्षेने धास्तावलेल्या मुलांसाठी कडुनिंबाच्या सावलीत बाकं आणि जलाशयाकाठी कठड्याची पायवाट निवेदन देऊन मागू या. त्या शेतकऱ्यासाठी वेळेवर पीकविमा आणि तालुक्यातच मानसोपचारतज्ज्ञ, हेही त्याच निवेदनात लिहू या.

एक वाचक, विष्णुपुरी (नांदेड)