कानामागून आली...

बाळंतपणाला माहेरी सास्तूरला गेले, तेव्हा बॅगेत लॅपटॉपच्या शेजारी इयरबड्सचा अख्खा डबा होता. न्यू मॉमची जय्यत तयारी! आजीची तयारी वेगळीच : लसूण घालून कोमट केलेलं तेल. बाळाची अंघोळ झाली की कानात दोन थेंब, वर एक फुंकर. झालं! मी बड्सवाली, ती तेलवाली. लेकीच्या एवढ्याशा कानावरून घरात कोल्ड वॉर.

लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघींनाही नापास केलं. कानातला मळ म्हणजे घाण नव्हे. तो आतली नाजूक त्वचा जपतो आणि आपोआप बाहेर सरकतो. बडनं तो उलट आत ढकलला जातो, पडद्यालाही इजा होऊ शकते. तेलानं बुरशीला आमंत्रण मिळतं आणि पडद्याला भोक असेल, तर ते थेट मधल्या कानात उतरतं.

मग करायचं काय? अंघोळीनंतर मऊ सुती फडक्यानं कानाची पाळी, घड्या आणि कानामागची खाच टिपून कोरडी करायची. दूध, लाळ, घाम साचतो तो तिथंच. भोकात मात्र काहीही घालायचं नाही. फुंकरही नको. आणि बाटली द्यायची झालीच, तर बाळाचं डोकं उंच ठेवून. घशातून मधल्या कानाकडे जाणारी नळी बाळांमध्ये आखूड आणि आडवी असते, त्यामुळे दूध तिकडे जाऊ शकतं.

"आन् कान वाहायला लागला तर?" आजीनं विचारलं.

"त्याच दिवशी दवाखाना."

परतताना आजी गप्पच होती. मग म्हणाली, "माझा डावा कान असाच गेला गं. ल्हानपणी वाहायचा. आई तेल सोडत ऱ्हायली. तवा गावात दवाखाना कुठं होता?"

आणि आम्ही इतकी वर्षं समजत होतो, आजी हाक मारली तरी मुद्दाम लक्ष देत नाही!

१९९३ च्या भूकंपातून उभ्या राहिलेल्या या गावात आज स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे. तेव्हा मंडळी, घरात बाळ असेल, तर पहिल्या महिन्यातच त्याची श्रवणचाचणी करून घ्या. बाळ मोठ्या आवाजाला दचकत नसेल, कानातून पाणी किंवा वास येत असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

आता कान टिपायचं खातं आजीकडेच आहे. "कानामागून आली आन् तिखट झाली," असं लेकीला म्हणत ती कानामागची खाच पुसते. लेक खिदळते. आजी उजवा कान तिच्याकडे वळवते.