शंका मनाची, थकवा शरीराचा

डोंगरवाटांवरच्या सायकल शर्यतीचे वेड आता लहान गावांतील तरुणांनाही लागले आहे. हिमाचल प्रदेशात २००५ साली सुरू झालेल्या 'एमटीबी हिमालया'सारख्या शर्यतींची नावे आपल्याकडची मुले आवडीने घेतात. अशी तयारी करणारे काहीजण माझ्याकडे येतात ते गुडघेदुखी किंवा कंबरदुखी घेऊन. पण बोलता बोलता खरे दुखणे बाहेर पडते, "डॉक्टर, हे आपल्याला जमणार नाही असं वाटतंय."

महिन्यापूर्वी जो घाट पाऊण तासात चढून होत असे, त्याला आता तास लागतो. घरचे म्हणतात, 'नसते उद्योग कशाला?' मित्र म्हणतात, 'जिद्द कमी पडते.' माझ्या मते दोघांचेही चुकते. अशा वेळी मनाला बोल लावण्याआधी शरीराकडे पाहावे.

सरावाने ताकद वाढते, हे अर्धेच खरे आहे. सरावाने स्नायू थकतात; ताकद भरते ती त्यानंतरच्या झोपेत, आहारात आणि विश्रांतीत. विश्रांती न देता सराव वाढवत नेला, तर वेग घटतो आणि त्याबरोबर आत्मविश्वासही. म्हणून रोज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजून वहीत लिहावी. ती सलग काही दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त येत असेल, झोप लागत नसेल, भूक मंदावली असेल, विनाकारण चिडचिड होत असेल, तर शरीर विश्रांती मागत आहे, असे समजावे. थकवा तरीही हटत नसेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे; मुलींनी तर आवर्जून.

आठवडाभराच्या विश्रांतीने केलेली मेहनत वाया जात नाही. पडून कॉलर बोन मोडले, तर मात्र ते जुळेपर्यंत काही आठवडे थांबावेच लागते. घाई केल्यास पुन्हा मोडण्याचा धोका असतो.

हिमालयात आणखी एक गोष्ट आडवी येते. ३,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो, म्हणून प्रत्येक श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. गावाकडचा वेग तिथे राहत नाही, यात कमीपणा नाही. मात्र डोकेदुखी व मळमळ सुरू झाल्यास पुढे चढू नये. बसल्या जागी धाप लागल्यास ताबडतोब खाली उतरावे. तिथे जिद्द दाखवणे जिवावर बेतू शकते.

थांबणे म्हणजे हरणे नव्हे. लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांना 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत २०१६ मध्ये अर्ध्यावर सोडावी लागली होती. २०१७ मध्ये त्यांनी ती एकट्याने पूर्ण केली. ती डांबरी रस्त्यावरची शर्यत. पण धडा डोंगरवाटेवरही तोच.

पालकांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी निराश होऊन घरी आली, तर 'सोडून दे' किंवा 'जोर लाव' म्हणण्याआधी ती नाडीची वही पाहायला मागा. आकडा वाढलेला दिसला, तर सायकल चार दिवस भिंतीला टेकवून ठेवायला सांगा, आणि त्या चार दिवसांत पोटभर जेवण व आठ तासांची झोप मिळेल एवढे पाहा.