झाडपाल्याचे औषध घ्या, पण तपासलेले

‘झाडपाल्याचेच तर औषध आहे. गुण आला तर आला, अपाय तर नाही ना!’ हे वाक्य दवाखान्यात नेहमी ऐकू येते. पण ज्या वनस्पतीत रोग बरा करण्याचे बळ आहे, तिच्यात शरीराला इजा करण्याचेही बळ असू शकते.

गुळवेलीचेच पाहा. कडुनिंबावर चढलेली ही वेल आपल्या ओळखीची. करोनाच्या साथीत तिचा काढा घरोघरी घेतला गेला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेल घेतलेली होती. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जाती अपायकारक असू शकतात. वाद बाजूला ठेवू. मंत्रालयाचे म्हणणे खरे धरले, तरी वेल ओळखण्यात चूक होऊ शकते, हे त्यातून मान्यच होते. वाळवून कुटलेली पूड तर जाणकारालाही नुसत्या डोळ्यांनी ओळखता येणे कठीण. त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि रासायनिक तपासणीच हवी.

दुसरा धोका भेसळीचा. सांधेदुखी, दमा यांवरच्या ‘रामबाण’ पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. दोन दिवसांत दुखणे थांबते. पुढे चेहरा सुजतो, रक्तदाब व साखर वाढते. पुडी एकदम बंद केली तर जिवावरही बेतू शकते. ओलसर जागी साठवलेल्या मुळ्यांवर बुरशी चढते, तिचे विष यकृताला घातक.

तिसरा धोका जड धातूंचा. अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर आपल्या सरकारने निर्यात होणाऱ्या वनस्पतिजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची केली. शिशाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग, पाऱ्याची १ भाग. उत्तम झाले! पण परदेशी ग्राहकाच्या यकृताची जेवढी काळजी, तेवढी धडगाव-अक्कलकुव्याच्या आठवडे बाजारातील गिऱ्हाइकाची का नसावी?

वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी औषध बनवले तर कायद्याने परवाना लागत नाही. ही सवलत योग्यच आहे. सातपुड्यातील जाणकारांचे ज्ञानही मोलाचे आहे. मात्र बाजारात पथारी मांडून बिननावाची पुडी विकणाऱ्याला ही सवलत नाही. अन्न व औषध प्रशासनाने अशा पुड्यांचे नमुने नियमित घ्यावेत आणि अहवाल लोकांना कळतील असे जाहीर करावेत. खऱ्या वैद्याला तपासणीचे भय नाही. उलट त्याची पत वाढेल.

तोवर वाचकांनी एवढे पाळावे. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक व मुदत नसेल तर औषध घेऊ नये. डॉक्टरकडे जाताना चालू असलेली पुडी सोबत न्यावी, लपवू नये. औषध घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगावर सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.