उद्याची भेट: एका बटणाने काय वाचवले, काय गमावले?

#थ्रेड १/९
डिसेंबर २००९ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात ‘डंजन फाइंडर’ नावाची सोय आली. बटण दाबावे आणि यंत्राने चार सोबती जमवून द्यावेत! खेळाडूंचे तास वाचले. पण एक जुनी समाजरचना तेव्हापासून विरू लागली. तिची ही कहाणी.

२/९
ब्लिझार्ड कंपनीचा हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला. त्यातील ‘डंजन’, म्हणजे राक्षसांनी भरलेली भुयारे नि किल्ले, पाच जणांसाठी रचलेले असत. शत्रूचे घाव अंगावर घेणारा ‘टँक’, जखमा भरून काढणारा ‘हीलर’ आणि प्रहार करणारे तिघे.

३/९
हे पाच जण जमवणे हाच एक उद्योग होता. चॅटवर पुकारा करायचा, ओळखीच्यांना गळ घालायची, मग डंजनपर्यंत प्रवास. कित्येकदा सारी तयारी होऊनही केवळ हीलर न मिळाल्याने बेत मोडे.

४/९
मात्र या कटकटीच्या पोटातच एक शिस्त होती. प्रत्येक सर्व्हर म्हणजे जणू स्वतंत्र गाव. लुटीवर डल्ला मारून पळणाऱ्याचे नाव चॅटवर गाजे आणि त्याला कोणी सोबत घेईना. संयमी हीलरला दुसऱ्या दिवशी आपणहून बोलावणे येई. पत सांभाळावीच लागे.

५/९
नव्या यंत्राने अनेक सर्व्हरांतील खेळाडू एका रांगेत आणले आणि त्यांना थेट डंजनमध्ये पोहोचवले. मोहीम संपली की जो तो आपल्या सर्व्हरवर परत. सोबती कितीही आवडला, तरी परक्या सर्व्हरवरच्या त्या माणसाला मित्रयादीत घेण्याची सोय तेव्हा नव्हती.

६/९
रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अभ्यासकाने १९८४ च्या आपल्या ग्रंथात दाखवले होते, की पुन्हा गाठ पडणार असेल तर स्वार्थी माणसांतही सहकार्य रुजू शकते. यंत्राने नेमकी ही पुढची गाठच तोडली. मतदानाने हकालपट्टी करण्याचा अधिकार होता. पण हाकललेल्याला नव्या तुकडीत कोणी ओळखत नसे.

७/९
तरीही जुन्या दिवसांचे गोडवे गाणे अन्यायाचे ठरेल. नोकरी-संसारातून तासभर काढणारा, ओसाड सर्व्हरवर अडकलेला, कोणाचीच ओळख नसलेला नवखा, या सर्वांना जुन्या गावाचे दार बहुधा बंदच असे. यंत्राने ते उघडले, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

८/९
सप्टेंबर २०२२ मध्ये खेळाची २००८ ची आवृत्ती ‘क्लासिक’ रूपात परतली, तेव्हा सामाजिक बंध टिकावेत म्हणून निर्मात्यांनी ही सोय मुद्दाम वगळली. पुढच्याच वर्षी ती आणावी लागली. सोय काढून घेतल्याने मोडलेले गाव पुन्हा वसत नाही.

९/९
दोष रांगेला देता येत नाही. दोष आहे तो मागे धागा न ठेवण्याचा. २०१० मध्ये सर्व्हरपलीकडची मैत्री शक्य झाली खरी, पण त्यासाठी खरे नाव उघड करावे लागे. मोहिमेनंतर टोपणनावानेच पुन्हा भेटण्याची मुभा पहिल्या दिवसापासून असती, तर वेळही वाचला असता आणि ओळखही. माणसे किती लवकर जमतात याइतकेच, ती पुन्हा भेटू शकतात का, हेही अशा यंत्राच्या कर्त्यांनी मोजायला हवे.