काटा आणि कापूस

यवतमाळ, वणी, पुसद येथे पहाटे फिरायला निघणारी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. साखर सुटते, तळण सुटते, रात्रीचे जेवण लवकर होते. तरीही महिनाअखेर वजनकाटा जागचा हलत नाही. मग निराशेपोटी फिरणेच सुटते आणि दोष निश्चयाला दिला जातो.

वास्तविक कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याला काट्याचे मर्म कोणी सांगायला नको. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर वजनाबरोबर ओलावाही तपासतात. ८ टक्क्यांहून अधिक ओल असल्यास भाव कापला जातो. १२ च्या वर असल्यास माल परत जातो. देहाचेही तसेच. लोणचे-पापडातील मिठाने अंगात पाणी धरले जाते आणि पंधरवड्याची कमाई काट्यावर झाकली जाते. शिवाय हलक्या झालेल्या शरीराला ऊर्जाही कमी लागते. तेव्हा वजन मध्येच थबकणे स्वाभाविकच होय.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२! काट्याला हा भेद कळत नाही, शिंप्याच्या फितीला पुष्कळसा कळतो. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर आहे. ही फीत अनेक घरांतील शिवणयंत्राच्या खणात पडलेली असते.