अमेरिकेत लाट मध्यावधीलाच का येते?

आपल्याकडे मध्यावधी निवडणूक म्हटलं की सरकार पडलं, असंच डोक्यात येतं. अमेरिकेत तसं नाही. तिथे राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीत दोन वर्षांनी, ठरलेल्या दिवशी, प्रतिनिधीगृहाच्या सर्व ४३५ आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागांसाठी मतदान होतं. राष्ट्राध्यक्ष स्वतः उभा नसतो, पण लोकांचा राग त्याच्याच पक्षावर निघतो.

१९९४ मध्ये क्लिंटन यांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहात ५० हून जास्त जागा गमावल्या. २०१० मध्ये ओबामांच्या पक्षाने ६० हून जास्त, तर २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या पक्षाने सुमारे ४०. उलट २०२० मध्ये बायडेन निवडून आले, तरी त्यांच्या पक्षाच्या तिथल्या जागा घटल्या.

याचं मोठं कारण म्हणजे मतदानाला कोण जातं. राष्ट्राध्यक्ष निवडायचा असतो तेव्हा दोन्हीकडचे लोक बाहेर पडतात. मध्यावधीला सत्ताधाऱ्यांचा समर्थक निवांत असतो आणि नाराज माणूस मात्र हटकून जातो. २०१४ मध्ये ४० टक्केही मतदान झालं नव्हतं. हा काही पक्का नियम नाही. १९८० मध्ये रेगन यांच्यासोबत मोठी लाट आली होती आणि २००२ च्या मध्यावधीत बुश यांच्या पक्षाच्या जागा उलट वाढल्या.

पण लाट आली म्हणजे सगळं बदललं का? प्रवासबंदीचं उदाहरण घ्या. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेत यायला बंदी केली. कितीतरी कुटुंबांची ताटातूट झाली. २०१८ च्या लाटेत प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलं. त्याच वर्षी इल्हान उमर आणि रशिदा तलैब या पहिल्या दोन मुस्लिम महिला काँग्रेसमध्ये पोहोचल्या. प्रतिनिधीगृहाने २०२० मध्ये बंदी उठवण्याचं विधेयक मंजूरही केलं. पण सिनेटमध्ये लाट पोहोचलीच नव्हती, रिपब्लिकनांचं बहुमत कायम होतं. विधेयक तिथेच अडकलं.

बंदी उठली ती जानेवारी २०२१ मध्ये, बायडेन यांच्या पहिल्याच दिवशी, एका सहीने. पुढे २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहातल्या जागांमध्ये फारसा फरक पडला नाही, पण ट्रम्प परतले. जून २०२५ मध्ये इराण, येमेन, सोमालियासह १२ देशांवर पुन्हा बंदी आली.

म्हणजे मध्यावधीची लाट सरकारला ब्रेक लावू शकते, गाडी वळवू शकत नाही. स्टिअरिंग राष्ट्राध्यक्षाच्याच हातात राहतं. ज्यांचे नातेवाईक तिथले नागरिक आहेत त्यांनी त्यांना एवढं जरूर सांगावं की मत दोन्ही वेळा द्या. त्यातही मध्यावधीला घरी बसू नका. कमी मतदान होतं तेव्हा छोट्या समाजाच्या मताचं वजन वाढतं.